लावलेली यादी पुन्हा का विस्कटते? एक्सएमएलमधला क्रम, आवकीच्या वहीवरून

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या आडत बाजारात दुपारी पाय ठेवायला जागा नसते. कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्प्या, काट्यावरची घाई, पट्टी, म्हणजे मालाचा हिशोब, कधी होते म्हणून ताटकळलेली माणसं. अशाच एका दुपारी एका आडत दुकानात मी गावाच्या नावाप्रमाणे लावलेली गाड्यांची यादी छापून दिली. मुनीमकाकांनी चष्मा वर केला, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही तर नावावर लावलंय म्हणलात. मग औश्याच्या वर रेणापूर कामून आलंय?"

मी क्वेरी, म्हणजे माहिती मागणारा लिहिलेला आदेश, उघडली. क्रम लावायची ओळ जागेवर होती. माहितीतही चूक नव्हती. तरी यादी गाड्या फाटकातून आत आल्या त्याच क्रमाने छापली गेली होती. "थांबा काका, बघू द्या," म्हणालो आणि बघण्यात दोन तास गेले. चूक एका तिरप्या रेषेची, म्हणजे / या चिन्हाची, होती. ती रेषा काय करते, हे मला त्याआधी कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. मराठीत तर नाहीच. म्हणून हा लेख.

आधी माहिती कशी ठेवलेली असते ते पाहू. एक्सएमएल म्हणजे माहितीला नावाची चिठ्ठी, म्हणजे टॅग किंवा खूण, लावून ती एकात एक ठेवण्याची पद्धत. १९९८ साली तिचं पहिलं प्रमाण, म्हणजे अधिकृत नियमावली, आलं. दिवसभराची आवक अशी दिसेल:

<आवक>
  <गाडी>
    <गाव>रेणापूर</गाव>
    <माल><पीक>हरभरा</पीक><कट्टे>१०</कट्टे></माल>
    <माल><पीक>सोयाबीन</पीक><कट्टे>१००</कट्टे></माल>
  </गाडी>
  <गाडी>
    <गाव>औसा</गाव>
    <माल><पीक>सोयाबीन</पीक><कट्टे>९</कट्टे></माल>
    <माल><पीक>तूर</पीक><कट्टे>३</कट्टे></माल>
  </गाडी>
  <गाडी>
    <गाव>जळकोट</गाव>
    <माल><पीक>सोयाबीन</पीक><कट्टे>२१</कट्टे></माल>
  </गाडी>
  <गाडी>
    <गाव>निलंगा</गाव>
    <माल><पीक>सोयाबीन</पीक></माल>
  </गाडी>
</आवक>

निलंग्याच्या गाडीचे कट्टे अजून मोजले नाहीत, म्हणून ती खूणच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. टॅगची नावं मी दाखवण्यापुरती देवनागरीत लिहिलेली नाहीत. एक्सएमएलच्या नियमात ती खरोखरच देवनागरीत चालतात. हे अनेकांना माहीत नसतं आणि उगाच सगळे इंग्रजी नावांच्या मागे लागतात. पुढच्या क्वेऱ्यांमधले फॉर, ऑर्डर बाय, रिटर्न हे शब्द मात्र मी वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो आहे. यंत्राला ते शब्द रोमन लिपीत आणि कंसातले आकडे इंग्रजीतच द्यावे लागतात.

ही माहिती काढायला दोन भाषा लागतात. एक्सपाथ ही वाट सांगणारी भाषा, १९९९ची. आणि तिला पोटात घेऊन तिच्यावर उभी राहिलेली एक्सक्वेरी, जिचं पहिलं प्रमाण २००७ साली आलं, मग २०१४ साली ३.० आणि २०१७ साली ३.१. बेसएक्स, एक्झिस्ट-डीबी, सॅक्सन ही त्या भाषा चालवणारी साधनं. साधन कुठलंही वापरा, क्रमाचे नियम प्रमाणात लिहिले आहेत तेच.

वंशावळीसारखा क्रम

ज्यांनी नेहमीच्या तक्त्यांच्या डेटाबेसवर काम केलं आहे, त्यांना एक गोष्ट पाठ असते: तक्त्यातल्या ओळींना स्वतःचा क्रम नसतो. क्रम हवा असेल तर मागून घ्यायचा, नाही मागितला तर जे येईल ते घ्यायचं. एक्सएमएलमध्ये नेमकी इथेच गोष्ट वेगळी आहे. इथे प्रत्येक नोंदीला जन्मतःच जागा आहे, कारण एक्सएमएल आलं ते लिखित मजकुराच्या जगातून. गंगाखेडच्या जनाबाईंचा अभंग टंकून ठेवला तर त्याच्या चरणांचा क्रम हा अभंगाचाच भाग असतो. चौथं चरण दुसऱ्याच्या जागी गेलं तर तो अभंग राहत नाही. म्हणून ही भाषा बनवणाऱ्यांनी मूळ क्रमाला मान दिला. त्याला डॉक्युमेंट ऑर्डर म्हणतात. मी इथे मूळ क्रम म्हणतो.

मूळ क्रम समजायला वंशावळ उत्तम. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडे घरोघरी ती काढलेली असते. झाडासारखी काढलेली वंशावळ एकाखाली एक ओळीने लिहायची झाली तर कशी लिहाल? आधी पणजोबा. मग त्यांचा थोरला मुलगा, लगेच त्याची मुलं, त्यांची नातवंडं. थोरल्याची पूर्ण शाखा संपली की मग धाकटा. त्यामुळे धाकट्याचं नाव थोरल्याच्या नातवाच्याही खाली येतं. वयाचा इथे संबंध नाही, शाखेचा आहे.

एक्सएमएलमध्ये अगदी हेच. आधी <आवक>, मग पहिली <गाडी>, तिच्यातलं <गाव>, तिच्यातला पहिला <माल>, त्याच्या पोटातलं <पीक>, मग <कट्टे>, मग दुसरा <माल>. रेणापूरच्या गाडीतलं सगळं संपल्यावरच औश्याची गाडी. सोप्यात सोपी ओळख म्हणजे फाइल वरून खाली वाचत गेलात तर उघडणारी खूण ज्या क्रमाने डोळ्यांपुढे येते, तो मूळ क्रम. अपवाद एकच लक्षात ठेवण्यासारखा. टॅगच्या आत लिहिलेले गुणधर्म, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, त्या टॅगनंतर आणि त्याच्या मुलांच्या आधी येतात, पण आपसात त्यांचा क्रम ठरलेला नसतो. तुम्ही पावती क्रमांक आधी लिहिलात आणि वेळ नंतर, तरी साधन उलटं देऊ शकतं. क्रमाला महत्त्व असलेली गोष्ट गुणधर्मात ठेवू नये, ती स्वतंत्र टॅगमध्ये ठेवावी.

तिरपी रेषा दोन कामं करते

//माल असं लिहिलं की फाइलमधले सगळे माल मिळतात, मूळ क्रमाने, एकूण सहा. आता //माल/.. असं लिहू, म्हणजे प्रत्येक मालाच्या वरची गाडी. सहा मालांच्या सहा गाड्या यायला हव्यात ना? येतात चारच. कारण रेणापूरची गाडी हरभऱ्याच्या वाटेनेही सापडते आणि सोयाबीनच्या वाटेनेही, पण गाडी एकच आहे. तिरपी रेषा डावीकडून उजवीकडे चालते आणि चालून झाल्यावर आणखी दोन कामं करते: एकच नोड, म्हणजे झाडातली एकच नोंद, दोनदा आला असेल तर एकदाच ठेवते, आणि उरलेले सगळे मूळ क्रमाने लावते. प्रत्येक पायरीवर, न विचारता.

सगळ्या घोटाळ्याचं मूळ या दुसऱ्या कामात आहे. मी त्या दिवशी लिहिलेली क्वेरी अशी होती ($ग म्हणजे त्या फेरीत हाती असलेली गाडी):

(फॉर $ग इन //गाडी
 ऑर्डर बाय $ग/गाव
 रिटर्न $ग)/गाव

कंसाच्या आत सगळं बरोबर चाललं होतं. गाड्या औसा, जळकोट, निलंगा, रेणापूर अशा नावाप्रमाणे उभ्या राहिल्या. मग कंसाबाहेर मी /गाव लावलं. त्या रेषेने चारही गावं घेतली आणि आपल्या नियमाने पुन्हा मूळ क्रमाने लावून दिली: रेणापूर, औसा, जळकोट, निलंगा. हमालाने नीट रचलेली थप्पी पुढच्याने उचलून पुन्हा गाडीत होती तशी ठेवावी, तसं हे झालं. कुठेही चुकीचा संदेश नाही, कुठेही लाल अक्षर नाही. म्हणूनच सापडायला वेळ लागला.

उपाय दोन. पहिला म्हणजे गाव आतच काढणं, रिटर्न $ग/गाव असं लिहिणं. प्रत्येक फेरीत रेषेला एकाच गाडीतलं एकच गाव मिळतं, लावायला काही उरत नाही, आणि बाहेरचा क्रम फॉरने ठरवलेला राहतो. दुसरा उपाय ३.० आवृत्तीत आलेल्या उद्गारचिन्हाचा: कंसाबाहेर /गाव ऐवजी ! गाव. उद्गारचिन्ह डावीकडून जे येईल ते त्याच क्रमाने पुढे सरकवतं, दुहेरी काढत नाही, क्रम बदलत नाही. //माल ! .. लिहिलं तर सहाच्या सहा गाड्या येतील, दोन दोनदा. क्रम लावून झाल्यावर पुढे चालायचं असेल तर मी आता सवयीने उद्गारचिन्हच वापरतो.

हाच फरक स्वल्पविराम आणि उभी रेषा यांतही आहे. (//पीक, //गाव) म्हटलं तर आधी सगळी पिकं, मग सगळी गावं, तुम्ही सांगितलं तसं. //पीक | //गाव म्हटलं तर दोन्ही एकत्र होऊन मूळ क्रमाने येतात: रेणापूर, हरभरा, सोयाबीन, औसा, असं. स्वल्पविराम नुसता जोडतो. उभी रेषा, आणि तिच्यासारखेच इंटरसेक्ट आणि एक्सेप्ट, मूळ क्रमाकडे परत नेतात.

पहिला म्हणजे कुणाचा पहिला?

चौकटी कंसात आकडा लिहिला की तितक्या क्रमांकाची गोष्ट मिळते. पण //माल[१] आणि (//माल)[१] यांची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्यात प्रत्येक गाडीतला पहिला माल येतो, एकूण चार: हरभरा आणि तीन सोयाबीन. दुसऱ्यात आधी सगळे सहा माल एका रांगेत येतात, मग त्यातला पहिला: फक्त रेणापूरचा हरभरा. चौकटी कंस जवळच्या पायरीला चिकटतो, पूर्ण वाटेला चिकटवायचं असेल तर वाट गोल कंसात घालावी लागते.

मागे वळून बघताना तर आणखी जपावं. निलंग्याच्या गाडीपाशी उभं राहून आधीच्या गाड्या विचारल्या, म्हणजे प्रिसीडिंग-सिब्लिंग वापरलं, तर यादी मूळ क्रमानेच मिळते: रेणापूर, औसा, जळकोट. पण त्याच पायरीला [१] लावला तर उत्तर जळकोट. कारण मागे बघताना मोजणी आपल्यापासून सुरू होते, रांगेत उभा माणूस "माझ्या पुढे कोण?" म्हणताना लगेच पुढच्याकडे बघतो तशी. गोल कंस घालून मग [१] लावला तर मोजणी मूळ क्रमाने होते आणि उत्तर रेणापूर. वाढदिवसाच्या नोंदी असोत की हजेरीपट, "याच्या आधीची नोंद" काढताना निम्म्या चुका इथेच होतात असा माझा अनुभव आहे.

आता क्रम मागून घेऊ

एक्सक्वेरीची मुख्य रचना पाच शब्दांची: फॉर, लेट, व्हेअर, ऑर्डर बाय, रिटर्न. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला फ्लॉवर म्हणतात. फॉर एकेक गाडी पुढे आणतो, लेट तिच्याबद्दल काही मोजून ठेवतो, व्हेअर नको त्या गाळतो, ऑर्डर बाय उरलेल्यांना रांगेत लावतो, रिटर्न काय छापायचं ते सांगतो. ३.० पासून हे शब्द बऱ्याच मोकळेपणाने मागेपुढे करता येतात, ऑर्डर बायनंतर पुन्हा लेट किंवा व्हेअर येऊ शकतो.

ऑर्डर बाय कशावर काम करतो हे नीट बघितलं पाहिजे. तो छापून आलेल्या उत्तरांना लावत नाही. तो फॉर आणि लेटने बांधलेल्या जुड्या लावतो. एका जुडीत गाडी आणि तिच्याबद्दल मोजलेल्या सगळ्या गोष्टी असतात. म्हणून कट्ट्यांवर क्रम लावून फक्त गावाचं नाव छापता येतं. छापण्यात नसलेली गोष्टही क्रमाला चालते.

अनुक्रमांक द्यायचा असेल तर इथे एक बारीक भेद आहे. फॉर $ग अ‍ॅट $क्र असं लिहिलं तर मिळणारा क्रमांक क्रम लावण्याआधीचा, म्हणजे फाटकातल्या पावतीचा. औसा यादीत पहिला आला तरी त्याच्यापुढे दोन छापलं जाईल. यादीतला क्रमांक हवा असेल तर ऑर्डर बायच्या खाली काउंट $क्र लिहायचं, हेही ३.० मध्ये आलं. मला दोन्ही लागतात. शेतकऱ्याला त्याची पावती सापडायला पहिला, आणि कागदावर ओळ सापडायला दुसरा.

आणि आता तो प्रश्न, जो मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळतो. सोयाबीनचे कट्टे चढत्या क्रमाने लावू:

फॉर $म इन //माल[पीक = "सोयाबीन"]
ऑर्डर बाय $म/कट्टे
रिटर्न $म/कट्टे

उत्तर येतं १००, २१, ९. चढता मागितला आणि उतरता मिळाला असं वाटतं. खरं तर मिळाला तो शब्दकोशाचा क्रम. फाइलला कुठला आराखडा, म्हणजे स्कीमा, जोडलेला नसेल तर ऑर्डर बाय प्रत्येक मजकूर अक्षरांचा म्हणूनच वाचतो. १००चं पहिलं अक्षर १, २१चं २, ९चं ९. संपलं. उद्या ३ कट्ट्यांची गाडी आली की ती २१ आणि ९च्या मध्ये जाऊन बसेल आणि मग चूक दिसेल. आज तिघांतच बघितलं म्हणून ती उतरत्या क्रमासारखी दिसली. थोडी माहिती घेऊन तपासलं की असं फसायला होतं.

उपाय पुस्तकात लिहिलेला असतो: नंबर फंक्शनमध्ये घाला. इंग्रजी आकड्यांना तो चालतो. आपल्याला चालत नाही. एक्सपाथच्या दृष्टीने संख्येतले आकडे म्हणजे फक्त इंग्रजी दहा आकडे. नंबरला ९ दिलं, देवनागरीतलं, तर तो "ही संख्याच नव्हे" असं खास मूल्य परत देतो, ज्याला नॅन म्हणतात, आणि काहीही न बोलता पुढे जातो. सगळ्या गाड्यांची किल्ली, म्हणजे क्रम लावायचं मूल्य, नॅन झाली की सगळ्या सारख्याच ठरतात आणि यादी जशी होती तशीच, किंवा साधनाला वाटेल तशी, येते. इंटिजर हा प्रकार वापरला तर मात्र क्वेरी तिथेच चूक दाखवून थांबते. मी थांबणारा प्रकार निवडतो. बाजार सुरू असताना क्वेरी थांबली तर दहा मिनिटं जातात, चुकीची यादी गेली तर पट्टी चुकते.

देवनागरी आकडे बदलायला ट्रान्सलेट नावाचं साधं फंक्शन आहे. त्याला देवनागरी दहा आकडे एका ओळीत द्यायचे, इंग्रजी दहा दुसऱ्या ओळीत, तो एकास एक बदल करतो. मग इंटिजर. फक्त निलंग्याची गाडी आठवा. तिला कट्टेच नाहीत. ट्रान्सलेट अशा वेळी रिकामा मजकूर देतो आणि इंटिजर रिकाम्या मजकुरावर अडतो. इथे पुन्हा उद्गारचिन्ह उपयोगी पडतं: $म/कट्टे ! इंटिजर(ट्रान्सलेट(.,…)) असं लिहिलं तर कट्टे असतील तरच हिशोब होतो, नसतील तर किल्ली रिकामी राहते, आणि रिकाम्या किल्लीसाठी ऑर्डर बायकडे स्वतःची सोय आहे.

माझं ठाम मत असं की साठवताना आकडे इंग्रजीच ठेवावेत आणि दाखवताना मराठी करावेत. ३.० पासून फॉरमॅट-इंटिजर फंक्शनला नमुना म्हणून देवनागरी १ दिला की ते पूर्ण संख्या देवनागरीत छापतं. मुनीमकाकांना मराठी आकडे दिसतात, यंत्राला त्याचे मिळतात. तारखांचंही तेच. दिवस-महिना-वर्ष असं लिहून ठेवलं तर अक्षरांच्या क्रमात सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. वर्ष-महिना-दिवस असं, दोन-दोन घरं भरून लिहिलं तर अक्षरांचा क्रमही बरोबर येतो आणि डेट या प्रकारातही ते सरळ बसतं.

रिकामे कुठे, बरोबरीतले कुठे

रिकाम्या किल्लीची गाडी वर ठेवायची की खाली? ऑर्डर बायला एम्प्टी लीस्ट सांगितलं तर रिकामं सगळ्यात लहान धरलं जातं, एम्प्टी ग्रेटेस्ट सांगितलं तर सगळ्यात मोठं. हे शब्द जागेबद्दल नाहीत, मूल्याबद्दल आहेत. उतरता क्रम आणि एम्प्टी लीस्ट असेल तर रिकाम्या गाड्या तळाला जातात. नॅन नेहमी रिकाम्याच्या शेजारी: लीस्टमध्ये रिकाम्याहून लगेच मोठा, ग्रेटेस्टमध्ये लगेच लहान. तुम्ही काहीच लिहिलं नाही, ना ओळीत ना क्वेरीच्या सुरुवातीला, तर निर्णय त्या साधनाचा. म्हणजे एका साधनावर निलंगा वर आणि दुसऱ्यावर खाली. दोन शब्द लिहिण्याचा कंटाळा करू नये.

बरोबरीचंही तसंच. औश्याच्या दोन गाड्या आल्या आणि क्रम गावावर लावला, तर दोघींपैकी आधी कोण? ऑर्डर बायच्या आधी स्टेबल हा शब्द लिहिला तर बरोबरीतल्या गोष्टी आधीच्याच क्रमाने राहतात, म्हणजे जी फाटकात आधी आली ती आधी. तो शब्द नसेल तर प्रमाण काहीच हमी देत नाही. अनेक साधनं तरीही तो क्रम राखतात, म्हणून चाचणीत कळत नाही. आडत दुकानात मात्र आधी आलेल्याचा सौदा आधी, यावरून भांडणं होतात, त्यामुळे तिथे स्टेबल हवंच. दुसरी किल्लीही देता येते, स्वल्पविराम देऊन: आधी गाव, मग कट्टे उतरते.

जळकोट आधी की जवळा?

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारची एक गाडी आपल्या यादीत आली असं धरा. मराठीत क्रम लावला तर जवळा आधी, जळकोट नंतर. कारण आपल्या वर्णमालेत व कुठे तर य र ल व या ओळीत, आणि ळ शेवटाकडे, ह नंतर. यंत्र मात्र जळकोट आधी लावतं.

यंत्र मनाने काही करत नाही. कुठली पद्धत वापरायची हे सांगितलं नाही तर सहसा ते युनिकोड या प्रमाणाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकावर तुलना करतं. युनिकोडची देवनागरी मांडणी १९८८च्या इस्की या भारतीय प्रमाणावरून आली, आणि त्यात सगळ्या भारतीय लिपींना एकाच साच्यात बसवायचं असल्याने ळ ला ल च्या शेजारी जागा मिळाली. व त्याच्यानंतर. झालं, जळकोट वर. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतःचा क्रमांकच नाही. क्ष हा क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांचा, म्हणून तो क च्या घरात जाऊन बसतो, ज्ञ हा ज च्या.

भाषेप्रमाणे तुलना करण्याच्या पद्धतीला कोलेशन म्हणतात. ऑर्डर बायच्या ओळीत कोलेशन हा शब्द आणि त्या पद्धतीचा पत्ता देता येतो, किंवा क्वेरीच्या सुरुवातीला एकदाच ठरवता येतो. २०१७च्या ३.१ आवृत्तीने भाषेचं नाव घालून मागण्याचा ठरावीक पत्ता दिला, त्यात मराठीची खूण घालून मागणी करता येते. साधनाला मराठीचे नियम ठाऊक नसतील तर जे जवळचं आहे ते वापरायचं की चूक दाखवून थांबायचं, हेही त्याच पत्त्यात सांगता येतं. थांबायलाच सांगा. मग जवळा आणि जळकोट यांची चाचणी घ्या. या दोन गावांचा क्रम बरोबर आला तर मराठीचे नियम लागू झाले असं समजायला हरकत नाही.

कोलेशनने न सुटणारी एक गोष्ट आहे. "शेतकऱ्या" यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, क्रमांकांच्या तुलनेत ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोड एकसारखं करणारं फंक्शनही हे दोन प्रकार एक करत नाही. माहिती आत येतानाच एक रूप ठरवून दुसरं बदलून टाकणं, एवढाच मार्ग मला सापडला आहे.

जिथे क्रमावर विसंबू नये

काही ठिकाणी प्रमाणच हात वर करतं. डिस्टिंक्ट-व्हॅल्यूज वेगवेगळी पिकं देतो, पण कुठल्या क्रमाने ते सांगत नाही. ग्रुप बायने गावाप्रमाणे गट केले तर गटांचा क्रम ठरलेला नाही. दोन वेगळ्या फाइली एकत्र विचारल्या तर एका फाइलमधलं सगळं आधी आणि दुसरीतलं नंतर येतं, मिसळत नाही, पण आधी कुठली हे साधन ठरवतं. सोमवारची आवक मंगळवारच्या आधीच येईल असं धरून चालू नका, तारखेवर क्रम लावा.

उलट, क्रमाची गरजच नसेल तर तसं सांगायची सोय आहे. अनऑर्डर्ड असं लिहून महिरपी कंसात क्वेरी घातली की साधनाला मोकळीक मिळते, निर्देशिकेतून, म्हणजे इंडेक्समधून, जे आधी हाती लागेल ते ते देऊ शकतं. एकूण कट्ट्यांची बेरीज करायची असेल तर क्रमाशी काय देणंघेणं. मोठ्या माहितीवर याचा फायदा होऊ शकतो. छोट्या दुकानाच्या फाइलवर मी याच्या वाटेला जात नाही.

३.१ पासून सॉर्ट नावाचं फंक्शनही आहे. यादी, कोलेशन आणि किल्ली काढायची रीत अशा तीन गोष्टी त्याला देता येतात. एका ओळीत भागणारं काम असेल तर बरं. पण त्याच्या उत्तरापुढे तिरपी रेषा लावली तर तिथेही तेच होणार, मूळ क्रम परत.

मुनीमकाकांचं काम शेवटी मी असं केलं. त्यांना ती यादी दिवसभर वेगवेगळ्या प्रकारे विचारायची होती, कधी फक्त गावं, कधी फक्त सोयाबीन, आणि दर वेळी गावाप्रमाणेच हवी होती. प्रत्येक क्वेरीत क्रम लावत बसण्यापेक्षा मी लावलेली यादीच नवीन खुणेत बांधून टाकली:

<यादी>{
  फॉर $ग इन //गाडी
  स्टेबल ऑर्डर बाय $ग/गाव
  रिटर्न $ग
}</यादी>

नव्या टॅगच्या पोटात गाड्यांच्या प्रती ज्या क्रमाने ठेवल्या, तोच त्या नव्या झाडाचा मूळ क्रम होतो. ही यादी वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवली. आता तिच्यावर //गाव विचारा, //माल[पीक = "सोयाबीन"]/.. विचारा, तिरपी रेषा दर वेळी मूळ क्रमाकडेच नेते, आणि तो मूळ क्रम आता औसा, जळकोट, निलंगा, रेणापूर असा आहे.